शोभा काहीच विसरली नव्हती

नवऱ्याला माहीत नाही. लेकीला नाही. देवापुढे हात जोडतानाही ही एक गोष्ट मी बाजूला ठेवत आले, जणू त्यालाही ती ठाऊक नसावी. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

मार्चमधल्या त्या मेळाव्यापासून करते. बाभुळगावात बायकांचा कार्यक्रम होता. मला स्टेजवर बसवलं होतं, कारण मी एकोणपन्नासाव्या वर्षी दहावी झाले आणि पन्नाशीत नोकरीला लागले. मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचं काम करते मी. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढले. माईक हातात आला तेव्हा मी म्हणाले, "बाईनं मनावर घेतलं तं वय आडवं येत नाही." टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत माझी नणंद शोभा बसली होती. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तिच्या चालूच होत्या. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मनावर घेतलं — कुणी? मी?

शोभाबद्दल आधी सांगायला हवं. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तोंडावर मी तिला शोभाताईच म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र ती नुसती शोभा. तिशीत नवऱ्यानं टाकली. दुसरी बाई आणली आणि हिला माहेरी पोचवून गेला. पोरबाळ नव्हतं. एक लोखंडी पेटी घेऊन ती आमच्या घरी आली, आणि घराला दोन फुकटचे हात मिळाले. कडू वाटतं ना? पण तसंच होतं. पहाटेचा शेणसडा तिचा, कपाशीच्या वेचणीला बायका सांभाळायच्या त्या तिनं, सोयाबीन निवडायचं तिनं. पुढं सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून त्यांचं अंग पुसणं, भरवणं, खाटेखालचं भांडं काढणं — सगळं शोभानं केलं. तीन वर्षं. मी नाकाला पदर लावून बाजूनं जायची.

त्याच खाटेशेजारी बसून तिनं अभ्यास केला. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली. आम्ही हसायचो. मीही हसायची. चव्वेचाळीस वर्षांची बाई आईला पेज भरवता भरवता भूमितीचं प्रमेय पाठ म्हणते, हसू येणारच, नाही का? निकाल लागला आणि ती पास झाली. गणितात तर असे मार्क की गावच्या गुरुजींनी येऊन पाठ थोपटली. मार्कशीटला तिनं यवतमाळात जाऊन लॅमिनेशन करून आणलं. आल्यावर ओल्या हातानं कुणाला शिवू देईना.

आणि मग मुकुटबनहून फोन आला. तिथल्या एका मुलींच्या वसतिगृहात बाई हवी होती. स्वयंपाकावर लक्ष ठेवायचं, मुलींना सांभाळायचं. दहावी पास पाहिजे. शोभाचा अर्ज त्यांना पसंत पडला होता. सोमवारी मूळ कागद घेऊन हजर व्हा, झेरॉक्स चालणार नाही, आधी एकीनं खोटे कागद दिले होते म्हणून — असं त्यांनी बजावलं. राहायला खोली मिळणार होती.

"वहिनी, खोली! माही खोली," ती म्हणाली. "आतून कडी लावता येईन मले."

चौदा वर्षं ती धान्याच्या खोलीत झोपत होती. त्या खोलीला कडी नव्हती. हे मला तिच्या तोंडून ऐकेपर्यंत कधी सुचलंही नव्हतं.

नवरा कुरकुरला, पण नाही म्हणाला नाही. "जाऊ दे," म्हणाला, "तिचंबी काही जीवन हाये." मीसुद्धा म्हटलं, जा. गोडधोड केलं. आणि त्या चार दिवसांत मी तिला पाहत होते. नवी चप्पल आणली तिनं. आरशापुढं उभं राहून शाळेतल्या बायांसारखी पदराला पिना लावून पाहत होती. स्वतःशीच हसत होती. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

लोक समजतील, मला खाटेखालच्या भांड्याची भीती वाटली. वाटली होती, खोटं नाही बोलत. सोमवारपासून ते भांडं माझ्या हातात येणार होतं. पण तेवढंच असतं तर कदाचित मी रडले असते, नवऱ्याशी भांडले असते, पगारी बाई शोधली असती. ते हसणं मात्र मला सोसलं नाही. टाकलेली बाई. जिला आमच्या घरानं आसरा दिला असं मी शेजारणींना सांगायची. ती आता पिना लावून निघणार, आणि मी? मी नववी शिकलेली. मी इथंच.

शनिवारी दुपारी शोभा वेचणीच्या बायकांना निरोप सांगायला वावरात गेली. नवरा बाजाराला. घरात मी आणि ओसरीवर खाटेवर सासूबाई. मी धान्याच्या खोलीत गेले. पेटीला कुलूप नव्हतं. आत प्लास्टिकची फाईल होती. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो आणि ती मार्कशीट.

मी फाईल उचलली नाही. हे ऐका, कारण यातच माझी खरी ओळख आहे. अख्खी फाईल गेली असती तर चोरी वाटली असती. मी फक्त तो एक कागद काढला, म्हणजे वाटावं की तिच्याच हातून कुठं राहिला. इतका विचार मी केला होता. रागाच्या भरात झालं असं म्हणायलाही मला जागा नाही.

मागच्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ चांगला धरला होता. कागद आत सरकवला. लॅमिनेशन आधी वळलं, मग फुगलं, मग काळा धूर आला. प्लास्टिक जळाल्याचा वास घरभर झाला. मी वळले तर ओसरीच्या दारातून सासूबाई माझ्याकडं पाहत होत्या. खाट अशी होती की त्यांना चूल सरळ दिसायची. त्यांचा चांगला असलेला डावा हात वर झाला होता.

मी पदरानं वारा घातला आणि दुधाची पिशवी जळली असं स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले.

रविवारी संध्याकाळी शोभानं पिशवी भरायला घेतली. मग पेटी रिकामी केली. मग धान्याची पोती हलवली. मग सारं घर. मी तिच्यासोबत शोधत होते, हो. गाद्या उलट्या केल्या, कोनाडे पाहिले, गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घातला. "आठवा ना शोभाताई, गुरुजींना दाखवायला नेली होती का? यवतमाळात राहिली का?" एकेक शंका मीच तिच्या डोक्यात घालत होते. ती डोळे मिटून आठवायची. आठवून आठवून तिला खरंच वाटायला लागलं की दुकानातच राहिली. "मी येडीच हाये वहिनी," म्हणाली. "माह्या हातून असंच होते."

सोमवारी ती दाखला आणि झेरॉक्स घेऊन मुकुटबनला गेलीच. पहिल्या बसनं यवतमाळ, तिथून वणी, तिथून पुढं. त्या लोकांनी चांगलं वागवलं, चहा पाजला. चार दिवस थांबतो म्हणाले. दुसरी प्रत काढायला चार दिवसांत कसं जमणार? पाचव्या दिवशी त्यांनी दुसरी बाई घेतली. शोभानं नवी चप्पल कागदात गुंडाळून पेटीत ठेवली आणि अनवाणीच सासूबाईंच्या खाटेपाशी गेली.

पुढं ती दुसरी प्रत काढू म्हणाली होती. मीच म्हटलं, "आता कायले? पुन्हा हरवून बसाल." सगळे हसले. तेव्हापासून घरात ते चालूच झालं. मीठ जास्त पडलं की मी म्हणायची, विसरल्या असतील. दार उघडं राहिलं की मी म्हणायची, शोभाताईंचंच काम. कितीदा तर दार मीच उघडं टाकलेलं असायचं. ती वाद घालत नसे. हळूहळू कुलूप लावून तीनदा ओढून पाहायला लागली. बाजाराला जाताना चिठ्ठी लिहायला लागली. मग बाजाराला जाणंच सोडलं. प्रमेयं पाठ म्हणणारी बाई ती.

आणि सासूबाई. शोभा भरवायला बसली की त्या डावा हात माझ्या दिशेनं उचलायच्या. घशातून आवाज काढायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. "मायले काय पाह्यजे कोणास ठाऊक," शोभा म्हणायची. मी म्हणायची, "तहान लागली असंन, पाणी पाजा." आणि ती पाजायची. पोट भरलेल्या, काहीतरी सांगू पाहणाऱ्या आईला ती चमच्या-चमच्यानं पाणी पाजत राहायची. असं दोन वर्षं चाललं. सासूबाई गेल्या त्या दिवशी मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडले. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

लेक सासरी गेली, सासूबाई गेल्या, आणि मला घर खायला उठलं. एके दिवशी शोभाच म्हणाली, "वहिनी, तुमी भरा सतरा नंबरचा फॉर्म. मी शिकवतो तुमाले. घरचं मी पाह्यतो." तिनं तिच्या जुन्या वह्या काढल्या. दुपारी भांडी झाली की आम्ही बसायचो. मला अपूर्णांक समजत नव्हते तर तिनं भाकरीचे तुकडे करून समजावले. एकदाही चिडली नाही. एकदाही म्हणाली नाही की मीही पुन्हा प्रयत्न करते. मी विचारलंही नाही.

मी पास झाले. माझी मार्कशीट मी तिच्याच हातात आधी दिली. द्यावी लागली. तिनं ती दोन्ही बाजूंनी पाहिली, काठावरून बोट फिरवलं. मग मान वर न करता म्हणाली, "वहिनी, एक विचारू? रागावू नका. त्या येळेस — तुमी तं नाही ना ठेवली कुठं माही मार्कशीट?"

तेव्हा सांगता आलं असतं. त्याहून सरळ दार कुणी उघडून देतं का? मी म्हणाले, "माह्या लेकीची शपथ."

तिचा चेहरा पडला. शंका फिटली म्हणून नव्हे, शंका घेतली म्हणून. ती उठली, आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. "माफ करा मले. डोकं ठिकाणावर नाही माहं." मी तिला उठवलं, जवळ घेतलं. पाठीवरून हातही फिरवला.

मग माझी नोकरी, मग शाल-नारळ. बायका माझ्याकडं येतात, म्हणतात तुमच्यामुळे हिंमत आली. मी त्यांना फॉर्म भरून देते. दोघी-तिघी पासही झाल्या. यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. म्हणून ते मोजतही नाही.

गेल्या महिन्यात शोभा फारच घाबरीघुबरी व्हायला लागली. गॅस बंद केला का, हे पंधरादा पाहायची. मी तिला यवतमाळला डोक्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी तासभर तिला प्रश्न विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. तिनं सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही, उलट वयाच्या मानानं उत्तम आहे. यांना काळजीचा त्रास आहे. काही मनाला लागलं होतं का कधी?

शोभा माझ्याकडं पाहायला लागली. मी डॉक्टरांना म्हणाले, नाही, तसं काही नाही.

परतीच्या बसमध्ये तिनं हातातलं तिकीट तीनदा पाहिलं. मग म्हणाली, "डोकं चांगलं हाये मन्ते डॉक्टर." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं — "मंग ती मार्कशीट गेली कुठं असंन, वहिनी?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. शपथेनं तो केव्हाच मारून टाकला होता.

"जाऊ द्या आता," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. स्टँडवर बस थांबली तेव्हा तिनं माझा हात धरला; हल्ली पायरीवरून एकटी उतरायला ती घाबरते. मी तो धरू दिला, आणि आम्ही दोघी उतरलो.