पांढरी पँट आणि पुढची चाकं

परवापर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं – बायकोलासुद्धा नाही. आता तुम्हालाही सांगता येतंय, याचंच मला नवल वाटतं.

आमचा पिकअप फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर घेणारा. उमरीकडच्या आमच्या काळ्या मातीच्या रस्त्याला दुसरी गाडी टिकतच नाही. पण नुसता आतला गिअर टाकून भागत नाही – खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरची लॉकं हातानं फिरवावी लागतात. नाही फिरवली, तर पुढच्या चाकांपर्यंत जोर पोचतच नाही, ती नुसती नावाला. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. त्या दिवशी हळदीची पोती बाजारात उतरवून तसंच पुढं नायगावला मुलगी बघायला जायचं होतं. अंगावर कडक इस्त्रीची पांढरी पँट. मध्येच अवकाळी कोसळला, रस्त्याचा राडा झाला. आता चिखलात गुडघे टेकायचे – आणि ते नवरदेवानं? मी नुसता गिअर टाकला आणि गाडी दामटली. रुतली. ताडपत्री फाटकी, वर्षभराची हळद डोळ्यांदेखत भिजली.

धाकट्या भावानं, गजानननं, ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली. बाबा अंगणातच उभे होते. त्यांनी विचारायच्या आत मी बोलून गेलो – काल गजानननं गाडी नेली होती, त्यानंच पुढचा गिअर मोडून ठेवलाय.

किती सहज निघालं तोंडातून! गजानन खाली वाकून ट्रॅक्टरची साखळी सोडवत राहिला. बाबांनी त्याच्याकडची दुसरी चावी काढून घेतली, ती कायमची, आणि बाहेर कुठं तरी पोट भर म्हणाले. गाडी म्हणजे त्याचा जीव – आणि तो लातूरला कापडाच्या दुकानात घड्या घालायला गेला. मी मात्र स्टेअरिंगवर. मुलीकडच्यांनी नकार दिला तो दिलाच.

परवा तो गावी आला. बाबा, तो आणि मी गाडीतून शेतात निघालो होतो. तेव्हा रुतली होती त्याच जागी गाडी थांबवली आणि दोघांना सगळं सांगून टाकलं.

“अन् म्या ह्या पोराला घराभाईर काढलं?” बाबा एवढंच म्हणाले.

गजानन समोर बघत होता. “मला तवाच कळलं होतं, दादा. चाकाची लॉकं मोकळी, अन् तुझे गुडघे कोरे.”

मग तेव्हा बोलला का नाही? मी विचारलं नाही. लाज वाटली, लई वाटली – पण छातीवरचा धोंडा उतरला, हेही खरं. मी चावी त्याच्या हातात दिली. पुढं चिखल होता. मी खाली उतरलो, गुडघे टेकले आणि दोन्ही लॉकं फिरवली.