पुरे सरांनी एकदाच विचारलं

आमची टीम दोन गोलांनी पुढे असली आणि दहा मिनिटं उरली असली, की पुरे सर खांद्यावरचा दुपट्टा हातात घेऊन रेषेवर यायचे आणि तो गरगर फिरवत ओरडायचे, "पुरे वं, वर्षे! ये बाहेर!" बाहेर यायची ती मी. दहा नंबरचा शर्ट माझा, बहुतेक गोल माझे, आणि मॅच रंगात आली की बसायची पाळीही माझीच. त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण खामगावात त्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. नव्या मुली तर वर्षभर पुरे हेच आडनाव समजून चालायच्या.

त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ते डोळ्यांत पाणी आणून नव्हे. गेलेल्या माणसाविषयी गोड बोलणं ज्यांना जमतं त्यांनी खुशाल बोलावं. मला त्यांचा राग येतो. मैदानात असताना तो मला बाहेर काढतात म्हणून यायचा. आज येतो तो एका दिवशी त्यांनी मला बाहेर काढलं नाही म्हणून.

सर शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. दिवसभर दाखले लिहायचे, शिक्के मारायचे, आणि साडेचार वाजले की पँट घोट्यापर्यंत दुमडून आमच्यात हजर. मुलांना शाळेचं मोठं मैदान होतं. आम्हा मुलींना जिनिंग कारखान्याच्या मागची काळ्या मातीची रिकामी जागा. हिवाळ्यात तिथे कापसाची रुई उडून नाकातोंडात जायची आणि उन्हाळ्यात बॉल भेगांवरून वेडावाकडा उसळायचा. मुलींसाठी एक धड मैदान द्या, असे अर्ज सर चार वर्षं लिहीत होते. अक्षर इतकं सुरेख, की ते अर्ज कुणी न वाचता बाजूला ठेवत असतील यावर आमचा विश्वास बसत नसे.

खेळ संपला की ते आम्हा सोळा जणींना घेऊन गावभर फिरायचे आणि एकेकीला तिच्या दारात सोडायचे. तशी बोलीच होती. प्रत्येकीच्या घरी जाऊन त्यांनी सांगितलं होतं, "पोरगी अंधार पडाच्या आंदर घरी येईन. नाई आली तं मले इचारा." चौकातल्या टपरीवरचे लोक हसायचे, शेळ्या घेऊन चालला म्हणायचे. सर त्यांना हात करून पुढे जायचे. माझं घर सगळ्यात शेवटी, म्हणून रोजचं भांडण त्या शेवटच्या गल्लीत व्हायचं.

"सर, मलेच काऊन काढता?"

"मॅच जिंकून झाली न वं माय. हारून राह्यलेल्या पोरी चिडतेत. मंग त्या बॉल पाह्यत नाई, पाय पाह्यतेत. अन् तुह्ये पाय मले अजून लागतेत."

"अन् गोल झाला तं?"

"झाला तं झाला. शीतल रोज येते. तिनं काय जिंदगीभर बाटल्याच भराव काय?"

शीतल म्हणजे माझ्या जागी जाणारी. बिचारी बॉलपेक्षा स्वतःच्याच बुटात जास्त अडकायची. त्या दहा मिनिटांसाठी ती दोन वेण्या घट्ट बांधून, नवरीसारखी तयार होऊन बसायची. मला तिचा राग येत नसे असं मी म्हणणार नाही.

एकदा अकोल्याला सरांचं हे तत्त्वज्ञान आमच्या अंगलट आलं. दोन शून्यने आम्ही पुढे. दुपट्टा फिरला. मी बाहेर, शीतल आत. पुढच्या दहा मिनिटांत त्या पोरींनी तीन गोल मारले आणि आम्ही स्पर्धेतून बाहेर. जलंबला गाडी बदलायला उतरलो तेव्हा सरांनी सगळ्यांना कचोऱ्या घेतल्या. मी माझी घेतली नाही. फलाटावर, सगळ्यांसमोर मी सरांना म्हणाले, "तुमच्यामुळं हारलो."

"हाव, माह्यामुळं हारलो," सर कचोरी खात म्हणाले. "गावात सांग. पाय दुखते काय?"

"नाई."

"मंग झालं तं."

असा माणूस! कोच झाला की जिंकायचं की नाही? माझं तेव्हाचं मत असं, की पुढे असलेल्या टीमने पायाखालचा साप सोडू नये, चांगला खेळाडू शेवटच्या शिट्टीपर्यंत ठेवावा. आणि खरं सांगायचं तर आजही पुष्कळ कोच तसंच करतात, त्यातले काही माझ्यापेक्षा हुशार आहेत. पण पुरे सर बधत नसत. पालक ओरडले, हेडसर ओरडले, मी तीन दिवस मैदानात गेले नाही. चौथ्या दिवशी गेले तर सरांनी विचारलंसुद्धा नाही कुठे होतीस. फक्त माझ्याकडे बॉल ढकलला.

मी बारावीला असताना आम्ही जिल्ह्याच्या फायनलला पोचलो. त्याच आठवड्यात मला राज्याच्या निवड शिबिराचं पत्र आलं होतं. खामगावातून अशी गेलेली मुलगी कुणाला आठवत नव्हती. सरांनी ते पत्र ऑफिसात चारचौघांना वाचून दाखवलं, मग माझ्या हातात देत म्हणाले, "पंधरा दिवस. पंधरा दिवस हे पाय काचेच्या भांड्यावानी सांभाळ."

फायनल मोठ्या मैदानावर, मांडव घालून. प्रमुख पाहुणे एक पुढारी, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब मुलींच्या मैदानाची घोषणा करणार, असं दोन दिवस आधीच सरांना सांगण्यात आलं होतं. आपल्याकडे खेळाडूंशी हस्तांदोलन झाल्याशिवाय पाहुण्यांचा पाहुणचार पुरा होत नाही. ते मॅचआधी व्हायचं. पण भाऊसाहेब आलेच नाहीत, म्हणून त्यांच्याशिवाय शिट्टी वाजली. आम्ही तीन शून्यने पुढे गेलो. दहा मिनिटं उरली. मी सवयीने रेषेकडे पाहिलं. दुपट्टा खांद्यावरच होता.

मग गाड्या आल्या. माईकवाला किंचाळला, "भाऊसाहेबांचं आगमन होत आहे, पंचांनी कृपया मॅच थांबवावी!" आणि मॅच थांबली. आठ मिनिटं उरलेली असताना दोन्ही टीम एका रांगेत उभ्या. हार, शाल, नारळ, भाषण; मैदानाचं मात्र त्यात अजून काही नव्हतं. तीन गोलांनी हरत असलेल्या त्या मुलींनाही घामाघूम अवस्थेत उभं राहून भाऊसाहेबांचा हात हातात घ्यावा लागला. मला ते म्हणाले, "तूच काय दहा नंबर? आता आम्हाला तुझा खेळ पाहायचा आहे बरं का, बेटा." मांडवात टाळ्या वाजल्या.

पायांत थंडी भरली होती. तेवढ्यात सर रेषेवर आले. दुपट्टा त्यांच्या हातात होता, पण फिरत नव्हता. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "वर्षे, येतं काय बाहेर?"

पाच वर्षांत त्यांनी मला हे एकदाही विचारलं नव्हतं. मी सतरा वर्षांची. समोर मांडव, टाळ्या, माझ्या नंबराचा पुकारा. मी काय म्हणणार होते?

"नाई सर."

त्यांनी दुपट्टा परत खांद्यावर टाकला.

खेळ सुरू झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला मी बॉल घेऊन पळत सुटले, आणि समोरच्या टीमची एक मुलगी बाजूने आली. तिने बॉलकडे पाहिलंच नाही. गुडघ्यातून कट्ट आवाज आला, तो मला आधी कानांनी ऐकू आला आणि मग कळलं की तो माझाच आहे. त्या मुलीला मी कधीच दोष दिला नाही. ती चिडली होती. ती चिडणार हे मैदानातल्या एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो रेषेवर उभा होता.

मला स्ट्रेचरवरून नेत असताना माईकवर मैदानाची घोषणा झाली. पुढे तिथे भाऊसाहेबांच्या नावाची पाटीही लागली. आज त्या पाटीला टेकून ट्रक उभे असतात.

लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं, शिबिर गेलं, पुढच्या वर्षीचंही गेलं. मग डॉक्टरांनी सरळ सांगितलं, चाल, जिने चढ, फुटबॉल विसर. सर दर रविवारी घरी यायचे. आईने त्यांना एकदाही आत बसायला सांगितलं नाही. एकदा दारातच म्हणाली, "सर, तुम्ही तं घड्याळ पाहून काढत होते न पोरीले? त्या दिवशी घड्याळ बंद होतं काय?" सर तसेच माघारी गेले. पुढच्या रविवारी परत आले. काही दिवसांनी त्यांनी मुलींना शिकवणंच सोडून दिलं आणि टीम मोडली. याचाही मला राग आहे. माझा गुडघा गेला तो गेला, बाकीच्या पंधरा जणींनी काय केलं होतं? प्रायश्चित्त घ्यायचं तर माणसाने स्वतःच्या खर्चाने घ्यावं.

गाव मात्र मलाच समजवायचं. "त्याहीनं तं तुले इचारलं होतं न? तूच नाई म्हणाली." हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि कित्येक वर्षं मलाही तसंच वाटायचं. जिने चढताना मी स्वतःलाच शिव्या द्यायची.

पुढे मी डोणगावच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाले. गेल्या हिवाळ्यात शीतलचा फोन आला, की सर फार आजारी आहेत, येऊन जा. गेले. सर खाटेवर अगदी मूठभर झाले होते. आवाज मात्र तोच.

"पोरी खेळवतं म्हणे तू?"

"हो."

"पुढं असली का काढतं, चांगलीले?"

"काढते."

"इचारतं?"

"नाई."

"इचारू नोको." मग म्हणाले, "तू नाई म्हणशीन, हे मले ठाव होतं. म्हणूनच इचारलं. मैदान पाह्यजे होतं मले."

माझ्या डोक्यात एकदम जाळ झाला. इतकी वर्षं मी जे स्वतःच्या डोक्यावर वागवत होते ते या माणसाचं होतं, आणि त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी म्हणाले, "सर, हे तुम्ही एखाद्या रविवारी सांगितलं असतं तं?"

"हिंमत नोयती."

मी उठले. सून चहा घेऊन आली होती, तो तसाच ठेवला. दारातून मागे पाहिलं तर ते माझ्या चालण्याकडे बघत होते. वीस दिवसांनी गेले. मी माफ केलं नाही, आणि त्यांनीही मागितली नव्हती. ज्याने मला बॉल अडवायला, फिरवायला, नजर वर ठेवून पळायला शिकवलं, तो माणूस गेला म्हणून मी दोन दिवस जेवले नाही, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. लोकांना यातलं एकच पाहिजे असतं.

परवा मेहकरला आमची मॅच होती. आम्ही दोन शून्यने पुढे, नऊ मिनिटं उरलेली. पूजा म्हणजे माझा दहा नंबर. मांडवात डोणगावचे सरपंच, पालक, सगळे तिच्या नावाने ओरडत होते. मी पंचांना खूण केली आणि तिला बाहेर बोलावलं. ती रेषेपर्यंत आली ती रडतच.

"मॅडम, मी बिलकुल थकली नाई! इचारा तरी मले!"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. दुसरीला आत पाठवलं. शेवटी आम्ही एक गोल खाल्लाही, कशीबशी मॅच जिंकली. पूजाने शर्ट काढून माझ्या पायाशी फेकला, आतल्या बनियनवर उभी राहून सगळ्यांसमोर ओरडली, "तुमचं सोताचं खेळणं गेलं म्हणून माह्यावर जळता तुम्ही!"

मी वाकून शर्ट उचलला. तिने पाण्याची बाटली लाथेने उडवली आणि पाय आपटत मांडवाकडे निघून गेली. दोन्ही पाय.