प्रभू, रूबेनला सांग

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या असतात. वरची एक ओढली की खालच्या दोन सोबत निघतात. आमच्या तरुण संघाच्या किश्श्यांचंही असंच आहे. एक सांगायला घ्यावा, तर त्याला चिकटून आणखी दोन येतात.

तरुण संघ म्हणजे लातूरमधली आम्ही आठवीपासून पुढची मुलं आणि आम्हाला सांभाळणारा सुशीलदादा. दादाचं झेरॉक्सचं दुकान आहे. शनिवारी संध्याकाळी तो शटर ओढतो आणि आम्हाला बायबल शिकवायला येतो. आमच्या आई-बापांनाही तोच सांभाळतो. ते काम जास्त अवघड आहे.

*

आमच्याकडे साखळी प्रार्थना असते. गोल उभं राहायचं, हात धरायचे, डोळे मिटायचे आणि एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. ज्याला जमत नाही त्यानं शेजारच्याचा हात हळूच दाबायचा, म्हणजे पाळी पुढं सरकते. ही सोय माझ्यासारख्यांसाठी आहे.

एका शनिवारी दादानं "करा सुरुवात" म्हणून उजवीकडचा हात दाबला. त्या मुलानं पुढचा दाबला. पुढच्या मुलीनं माझा. मी तर वाटच बघत होते, लगेच पुढचा दाबला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. थोड्या वेळानं दादाचा डावा हात दाबला गेला!

दादा म्हणाला, "प्रभू, पोरं आली होती, एवढी नोंद घे. आमेन."

*

आमची मम्मी महिला मंडळात प्रार्थना-विनंती सांगते. प्रार्थना-विनंती म्हणजे अडचण सगळ्यांसमोर सांगायची आणि सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. मम्मीनं एकदा माझी अडचण सांगितली: "लेक पांघरुणात मोबाईल बघती, तिला सोडव."

रविवारी चर्चच्या दारात एक काकू माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "कसं काय बाळा, अजून पांघरुणातच का?"

माझा चेहरा बघून दादाला कळलं असावं. त्यानं पालकांना नियम घातला: मुलांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव घेऊन विनंती सांगायची नाही. मम्मीनं नियम एकदम मान्य केला.

पुढच्या वेळी ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी नाव सांगत न्हाई. पण एका मुलीसाठी प्रार्थना करा. दहावीला हाय, चष्मा हाय, माझ्याच घरात राहती."

*

लातूरमध्ये मूल दहावीच्या जवळ आलं की घरात फक्त क्लासबद्दल बोलतात. दादा एका नव्या मुलाच्या पप्पांना समजावत होता की मुलाला शनिवारी पाठवा, बायबलचा अभ्यास होतो, मित्र मिळतात, मन मोकळं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक हाय," ते म्हणाले, "पण ह्याचं सर्टिफिकेट भेटतं का?"

"भेटतं," दादा म्हणाला, "पण लई उशिरा भेटतं. वर गेल्यावर."

*

आता रूबेन. तो आमच्या शेजारी राहतो. त्याचे पप्पा, याकोब काका, एसटीचे ड्रायव्हर आहेत. काकांना रूबेनला डॉक्टर करायचं होतं. रूबेननं दहावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिकला प्रवेश घेतला. त्या दिवसापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत.

पण त्यांच्या घरी रोज संध्याकाळी कुटुंब प्रार्थना होते आणि ती चुकवायची नाही, हे दोघांनाही मान्य आहे. त्यामुळे ते प्रार्थनेत बोलतात! एका बुधवारी प्रार्थनेला चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, आणि आम्ही सगळे त्यांच्या घरी होतो, तेव्हा मी स्वतः ऐकलं.

काका डोळे मिटून म्हणाले, "हे दयाळू पित्या, रूबेनला सांग, चक्कीवरून दळण आणायचं राहिलंय."

रूबेन म्हणाला, "प्रभू, पप्पांना सांग, चक्कीवाल्याची मोटर जळालीय."

"पित्या, त्याला सांग, गावात दुसरी चक्की हाय."

रूबेनच्या आईनं एक डोळा उघडला आणि जोरात "आमेन!" म्हणून टाकलं, नाहीतर प्रार्थना दुसऱ्या चक्कीपर्यंत गेली असती.

आम्ही हसू दाबलं. दादा मात्र हसला नाही. बाहेर चपला घालताना तो पाळकसाहेबांना म्हणाला, "ह्या दोघांचं असंच चाललं तर पोरगं एक दिवस बॅग उचलून पुण्याला जाईल, आणि घरात सांगणारही न्हाई."

रूबेननं खरंच पुण्याच्या एका वर्कशॉपची चौकशी केली होती. हे मला माहीत होतं, कारण तो आमच्या गच्चीवर उभा राहून फोन करायचा.

*

मग दादानं पालकांना गृहपाठ दिला: आठवडाभर रोज मुलांना एक प्रश्न विचारायचा, पण अभ्यासाचा नको.

आमच्या पप्पांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी जेवताना घसा साफ करून म्हणाले, "बेटा, तुझा आवडता विषय कोणता?"

मम्मी म्हणाली, "आहो, हा अभ्यासच झाला!"

"मग आवडता धडा सांग," पप्पा म्हणाले.

याकोब काकांनीही गृहपाठ केला. संध्याकाळच्या प्रार्थनेत ते म्हणाले, "पित्या, रूबेनला विचार, त्याचा दिवस कसा गेला." रूबेननं प्रभूमार्फतच "बरा गेला" असं कळवलं. दादाला हे सांगितलं, तर तो डोकं धरून म्हणाला, "अर्धे मार्क!"

*

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला तरुणांचं शिबिर होतं. त्यात एक सत्र होतं, 'वडील आणि मुलगा यांच्यातला संवाद'. त्यासाठी मुंबईहून वक्ते येणार होते. दादानं रूबेनला पुष्कळ मनवलं, त्याचं नाव आधीच देऊन ठेवलं. दादाची सगळी आशा त्या सत्रावर होती.

आम्ही लातूरच्या स्टँडवर गाडीत चढलो, तर स्टिअरिंगवर याकोब काका! रूबेन थेट शेवटच्या सीटवर जाऊन बसला. काकांनी आरशात एकदा बघितलं आणि गाडी काढली.

अहमदपूर सोडलं आणि थोड्या वेळात गाडी गचके देत रस्त्याच्या कडेला थांबली. काका खाली उतरले, समोरचं झाकण उघडून बघितलं आणि डेपोला फोन लावला. कंडक्टरनं मागून येणाऱ्या गाडीला हात केला आणि आम्हा सगळ्यांना त्यात चढवलं. ड्रायव्हरला मात्र डेपोचा मेकॅनिक येईपर्यंत गाडीपाशीच थांबावं लागतं.

नवी गाडी इतकी भरलेली होती की कोण चढलं, कोण राहिलं, काही कळत नव्हतं. नांदेडला उतरल्यावर दादानं मुलं मोजली. रूबेन नव्हता.

तिकडं हॉलमध्ये सत्र सुरू झालं होतं. वक्ते माइकवर बोलत होते. दादा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत रूबेनला फोन लावत होता. दादाचा फोन फक्त स्पीकरवरच ऐकू येतो, म्हणून आम्ही सगळे भोवती उभे होतो. शेवटी एकदाचा फोन उचलला गेला.

"अरे, कुठं हायस तू?" दादा ओरडलाच. "तुझ्यासाठी एवढं सगळं केलं! सत्र निम्मं झालं, लवकर ये!"

तिकडून आधी ट्रक गेल्याचा आवाज आला. मग रूबेन हळू आवाजात म्हणाला, "दादा, फोन ठेवा ना. पप्पा बोलायलेत."