रंगवलेलं जस्त

गोदीतल्या रंगाऱ्याला उघडा धातू बघवत नसे. घरातल्या खिडकीच्या गजांपासून बादलीच्या कडीपर्यंत त्याने काही सोडलं नव्हतं. एकदा त्याने बोटीच्या लोखंडी तळाला लावलेले जस्ताचे ठोकळेही चकाचक रंगवून टाकले. वर्षभरात तळाला भोकं पडली.

मुकादम करवादला, "अहो, खारं पाणी आधी जस्त खातं, म्हणून लोखंड वाचतं! ते झिजायलाच लावलेलं असतं. दरवर्षी जुनं काढून नवं बसवतो, ते काय हौस म्हणून?"

रंगारी घरी आला. बायको त्याचा रंगाने बरबटलेला सदरा रॉकेलने घासत बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "दुसऱ्यासाठी झिजणारंही काही असतं, हे मला काय ठाऊक!"

हात न थांबवता ती म्हणाली, "जस्ताची निदान दरवर्षी सुटका तरी होते."