ॲश्टन अंकलचं गाव

स्वतःच्या आडनावाने इतका छळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मरीन परेडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे हे अंकल युरेशियन, म्हणजे मिश्र वंशाचे. बायको वारलेली, मुलगी पर्थला. जन्मात सिंगापूर सोडून फारसे कुठे गेले नव्हते, पण स्वतःला सांगायचे इंग्लंडातल्या ॲश्टन गावचे. ॲश्टन म्हणजे ॲश झाडांची वाडी, हे ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यालाही ऐकवत. अडचण एवढीच, की इंग्लंडात ॲश्टन नावाची गावं पुष्कळ आहेत आणि त्यातलं आपलं कुठलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि ते मरण्याआधी कळायला हवं होतं. अस्थी ठेवायच्या कोनाड्यावरची संगमरवरी पाटी त्यांनी स्वतःच करून घेतली होती. तिच्यावर नाव कोरलं होतं. नावाखालची गावाची ओळ रिकामी होती.

भिंतीवर इंग्लंडचा नकाशा आणि प्रत्येक ॲश्टनवर एक टाचणी. तिथल्या चर्चना ते पत्रं लिहीत. 'नोंद सापडली नाही' असं उत्तर आलं की टाचणी निघे, आणि त्या दिवशी आमच्या घरून त्यांना डबा जाई. उरलेल्या टाचण्यांचं हवामान ते रोज सकाळी बघत आणि तिथे पाऊस असला, तर इथल्या रणरणत्या उन्हात छत्री उघडून हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जात. "आज आमच्याकडे पाऊस आहे."

मी हिशेबनीस माणूस. एकदा म्हणालो, "अंकल, सात ठिकाणांपैकी चारच ठिकाणी आहे."

"म्हणून तर बूट साधे घातलेत."

माझं आडनाव वडगावकर. पहिल्या भेटीत मी त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "झाडाचं गाव! अगदी माझ्यासारखं. पण कुठलं वडगाव?"

महाराष्ट्रात वडगावंही ढिगाने. मला सांगता येईना.

"आणि तुम्हाला रात्री झोप लागते?"

"लागते? बाबा घोरतात लाह!" माझी मुलगी म्हणाली. इथे वाढलेल्यांचं वाक्य 'लाह'शिवाय संपत नाही.

गेल्या वर्षी मलेशियातल्या मलाक्काला त्यांच्या नव्वदीच्या आत्याचा वाढदिवस होता. मला सोबत नेलं, नकाशाही नेला. आत्याने तो चष्म्याशिवायच बाजूला सारला. "कसलं गाव? तुझा पणजा ॲश्टनसाहेबाच्या घोड्यांचा मोतद्दार. मिशनच्या शाळेत पोराचं आडनाव विचारलं, त्याने मालकाचं सांगितलं."

"मग आपलं खरं कुठलं?"

"ते कोणी विचारलं नाही, म्हणून कोणी सांगितलं नाही. केक खा."

परतीच्या बसमध्ये अंकलनी नकाशाची घडी पिशवीच्या तळाशी कोंबली. तो पुन्हा भिंतीवर चढला नाही. छत्री दाराशी तशीच टांगलेली. जेवण कमी झालं, बाहेर पडणं थांबलं. माझ्या बायकोचा डबा अर्धा परत येऊ लागला.

समजूत घालणं मला जमत नाही. एका सकाळी नुसतंच विचारलं, "अंकल, आज तुमच्याकडे हवा कशी?"

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

"जन्म कुठला तुमचा?"

"कटोंग." ते आमच्या इमारतीच्या मागेच.

"शाळा? लग्न?"

"कटोंग. तेही कटोंग."

"मग आमच्या रीतीने तुम्ही कटोंगकर. माणूस ज्या गावचा, त्या गावाचं आडनाव. साहेबाचा संबंध नाही."

ते हसले नाहीत. शब्द मात्र दोनदा पुटपुटून पाहिला.

काही महिन्यांनी अंकल गेले. पर्थहून मुलगी आली. पाटीच्या कामाला ती मला सोबत घेऊन गेली. पाटी कोरणाऱ्या चिनी म्हाताऱ्याने अंकलच्या हातची चिठ्ठी पुढे केली. "दुसऱ्या ओळीचा शब्द चुकलाय वाटतं. असं गाव नाही लाह."

"मलाही कळत नाही," मुलगी म्हणाली. "डॅडींना शेवटी भ्रम झाला होता का?"

मी शब्द वाचला. दोनदा वाचावा लागला, कारण डोळे नीट वाचू देईनात.

"चूक नाही," मी म्हणालो. "कोरा."

बाहेर पाऊस लागला होता, आमच्याकडचा. मुलगी पर्स उघडत होती, पण इंग्रजीतल्या नऊ अक्षरांचे पंचेचाळीस डॉलर मीच त्या म्हाताऱ्याला दिले.