गाठ मारलेलं यूएसबी

नव्याण्णव साली आमच्या कळव्याच्या घरात अमेरिकेतली ताई कॉम्प्युटरवर दिसायची, पण त्यासाठी बाबांना टेबलाखाली शिरावं लागायचं. कॅमेऱ्याचं यूएसबी कॉम्प्युटरच्या पाठीमागे होतं आणि इतकं सैल, की ताईचा चेहरा आला की पिन निसटायची आणि कॉलच तुटायचा. मग बाबा पुन्हा खाली, आणि आई त्यांच्या पाठीशी बोलत बसायची.

दुरुस्तीला आलेला माणूस बाळकुमचा कोळी होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याने आत नवं कार्ड बसवलं, वायर पुढे काढली आणि दोन यूएसबींची डबी टेबलाच्या कडेला आणली. मग खिशातून मासे धरायच्या जाळ्याचा नायलॉन दोरा काढला, एक टोक दातांत धरलं आणि डबी टेबलाला करकचून बांधली.

"स्क्रू नाही का हो?" बाबांनी विचारलं.

"गाठ सुटली त मावरं जातं, काका. इथं त तुमची पोर जाईल."

ताई पडद्यावर आल्यावर त्याने वायरला असा हिसका दिला की टेबल वीतभर सरकलं. "बाबा, भूकंप झाला का?" ताई म्हणाली, पण पडद्यावरून हलली नाही. आम्ही सगळे वेड्यासारखे हसत सुटलो.

पुढे कॉम्प्युटर भंगारात काढला. ती गाठ भंगारवाल्याला सुटेना आणि बाबा कापू देईनात. शेवटी टेबलही गेलं.