उलटी लागलेली रिळं

सक्करदऱ्याचे श्रावणजी तीस वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सकाळच्या खेळाला धार्मिक सिनेमे असतात, असं त्यांनी बायकोला, वच्छलाबाईंना, सांगून ठेवलं होतं. खरं तर तिथे फक्त प्रौढांसाठीचा एक जंगलपट चाले. त्यातला वनराजा कमरेला पानं बांधून सशाला घाबरे आणि वेलीला लटकला की झाडावर आपटे.

एकदा श्रावणजींनी घाईत तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लावलं. राजाचं आधी लग्न झालं आणि मग तो जंगलात हरवला. पब्लिकने शिट्ट्या मारल्या आणि पुढे सिनेमा कायम तसाच दाखवायला लावला. पारशिवनीकडची, खरं जंगल पाहिलेली माणसं सर्वांत जास्त हसत. उघडं अंग पाहायला माणूस एकदा येतो, पण शूराची फजिती पाहायला जन्मभर येतो, असं श्रावणजींचं मत झालं होतं.

यंदा कॉलेजात शिकणाऱ्या प्रणाली नावाच्या मुलीने तिथल्या कार्यक्रमात तोच उलटा खेळ ठेवला आणि घरी येऊन वच्छलाबाईंनाही आमंत्रण दिलं. श्रावणजी अख्खा सिनेमा मान खाली घालून बसले. आज बायकोसमोर अब्रू जाणार होती.

दिवे लागले. वच्छलाबाई पदराने डोळे पुसत होत्या, हसून हसून.

"अवो, धार्मिक म्हणत होते ना तुमी?"

"चुकलं माझं," ते पुटपुटले.

"लग्न झाल्यावरच माणूस हरवते, त्यात काय चुकलं? पण तीस वर्षं एकटेच हसून राहिले. मले काहून नाही आणलं?"